ओंजळ धरता न येणारा खांदा : एक प्रकरण अभ्यास

मी फिजिओथेरपिस्ट आहे. या प्रकरणात चूक पकडली मीच, पण त्याआधी दोन आठवडे ती चूक मीही करत होते. रुग्णाची परवानगी घेतलेली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तपासणीतले आकडे मात्र माझ्या नोंदवहीत आहेत तेच दिले आहेत, कारण सगळा धडा त्या आकड्यांतच होता आणि मला तो वाचता आला नाही.

पार्श्वभूमी

४६ वर्षांचे गृहस्थ. बैठं काम, उजवा हात वापराचा. ११ वर्षांपासून मधुमेह, त्यातली शेवटची तीन वर्षं इन्सुलिनवर. उजवा खांदा दुखतो, हात वर जात नाही, ही तक्रार. माझ्याकडे आले तेव्हा दुखणं सुरू होऊन तीन आठवडे उलटले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून वेदनाशामक गोळ्या घेतल्या होत्या. नवव्या दिवशी एक्स-रे झाला होता. तो समोरून घेतलेला, एकाच बाजूचा. अहवालात ‘हाडाला इजा नाही’ असं लिहिलेलं होतं. सोबतच्या चिठ्ठीवर ‘फ्रोझन शोल्डर, मधुमेह आहे, व्यायाम सुरू करावेत’ एवढा मजकूर.

चिठ्ठी वाचून मला काहीच खटकलं नाही. फ्रोझन शोल्डर, म्हणजे सांध्याभोवतीचं आवरण आखडून खांदा हलेनासा होणं, चाळिशी ते साठीच्या दरम्यान होतो आणि मधुमेह असलेल्यांत जास्त दिसतो. ‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव कॉडमन या अमेरिकन शल्यविशारदांनी १९३४ साली रूढ केलं, तेव्हाही त्यांच्या वर्णनात एक्स-रे जवळपास निर्दोष असणं हा भाग होता. वय जुळत होतं, मधुमेह जुळत होता, एक्स-रे जुळत होता. तीन गोष्टी जुळल्या की चौथी शोधायचा कंटाळा येतो. आमच्या कामात या कंटाळ्याला अनुभव असं गोंडस नाव आहे.

पहिली तपासणी

सुरुवात कशी झाली, असं मी विचारलं. ते म्हणाले, “रात्री नीट झोपलो मॅडम, सकाळी उठलो तर हात हलेना. वाकडा झोपलो असेन.” मी लिहून घेतलं : ‘सुरुवात – झोपेतून उठल्यावर, मार नाही’. आणि पुढे गेले.

हालचाली मोजल्या त्या अशा. हात समोरून वर : स्वतःहून ८०°, मी उचलल्यावर ९०°. बाजूने वर : स्वतःहून ६०°, मी उचलल्यावर ७०°. कोपर अंगाला चिकटवून ९०° वाकवायचं आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्यायचा, म्हणजे खांद्याचं बाह्य भ्रमण : डाव्या बाजूला ६५°, उजव्या बाजूला उणे १०°. उणे १०° म्हणजे पंजा नाकासमोरच्या सरळ रेषेपर्यंतसुद्धा येत नव्हता, पोटाच्या बाजूलाच वळलेला राहत होता. मी हलवून पाहिलं तरी तिथेच. पंजा पोटावर ठेवणं, म्हणजे अंतर्भ्रमण, मात्र पूर्ण आणि जवळपास वेदनारहित.

मानेच्या हालचाली ठीक. कोपर ठीक : पूर्ण सरळ, पूर्ण वाकणारं, दंड अंगाशी असताना तळवा वर आणि खाली दोन्हीकडे व्यवस्थित वळणारा. पंजाची पकड ठीक.

शर्ट काढायला त्यांना फार त्रास होत होता म्हणून मी वरची दोन बटणं काढून कॉलर बाजूला सारली आणि तेवढ्यातच खांदा पाहिला. ही त्या दिवसातली सगळ्यात महागात पडलेली सभ्यता.

जाता जाता ते सहज म्हणाले, “बाकी चालतंय हो, पण तोंड धुताना ओंजळ होत नाही. डावा तळवा वर होतो, उजवा होतच नाही.” मी म्हटलं, खांदा सुटला की होईल. कोपर तर मी तपासलंच होतं आणि ते ठीक होतं.

दोन आठवडे काय केलं

ठरलेलं सगळं केलं : शेक, लोंबता हात गोल फिरवणं, भिंतीवर बोटं चढवणं, काठी धरून हात बाहेरच्या बाजूला ढकलणं. शिवाय माझ्या हातांनी सांधा मोकळा करण्यासाठी पोस्टेरिअर ग्लाइड, म्हणजे दंडाच्या हाडाचं गोल डोकं खांद्याच्या वाटीवर मागच्या दिशेने हलकेच सरकवायचं. फ्रोझन शोल्डरमध्ये बाह्य भ्रमण वाढवायला ही पद्धत उपयोगी ठरते, म्हणून मी ती मन लावून करत होते.

चार भेटींनंतर बाह्य भ्रमण उणे १०°. एक अंशही फरक नाही. वेदना थोडी कमी, पण ती गोळ्यांनीही झाली असेल. मी नोंदीत लिहिलं, ‘प्रगती मंद’. मंद नव्हती, शून्य होती. मंद हा शब्द माझ्या सोयीचा होता.

हाताला मात्र काहीतरी जाणवत होतं. फ्रोझन शोल्डरमध्ये हालचालीच्या टोकाला चामड्यासारखा ताण लागतो : ओढलं की थोडं येतं, मग अडतं, सोडलं की परत जातं. इथे तसं नव्हतं. हात बाहेर फिरवला की एका ठिकाणी ठक्क करून थांबायचा, दाराच्या फटीत काही अडकल्यावर दार थांबतं तसा. आणि मागे ढकलताना डोकं सरकतच नव्हतं. आवरण फारच आखडलं असेल, असा अर्थ मी लावला.

अडचण उघड झाली ती पाचव्या भेटीत

पाचव्या भेटीला त्यांच्या पत्नी बरोबर आल्या. मी ‘किती फरक आहे?’ एवढंच विचारलं होतं. गृहस्थ काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, “त्या रात्रीपासूनच हे असं झालंय.”

कोणत्या रात्रीपासून?

“अहो, मी यांना तेव्हाच म्हटलं होतं, डॉक्टरांना सांगा म्हणून. पहाटे तीनच्या सुमाराला कसल्यातरी आवाजाने मला जाग आली. हे अंग ताठ करून पडले होते, मग हात-पाय झटकायला लागले. मिनिटभर असेल. हाका मारल्या तर ओळख नाही. मग घोरायला लागले. अंथरूणही ओलं झालं होतं. सकाळी विचारलं तर म्हणतात, वाईट स्वप्न पडलं असेल.”

मी त्यांना जीभ दाखवायला सांगितली. पाच आठवड्यांनी काही दिसणं शक्य नव्हतं आणि दिसलंही नाही. पण त्यांनाच आठवलं : त्या सकाळी जिभेची कड सोलली होती, जेवताना चावली असेल असं त्यांनी धरलं होतं. आणखी दोन प्रश्नांत उरलेलं बाहेर आलं. त्याआधी दोन आठवडे रात्रीच्या इन्सुलिनचा डोस वाढवला होता. त्या रात्री पोट बरं नव्हतं म्हणून जेवण अर्ध्यावर टाकलं होतं, इन्सुलिन मात्र पूर्ण घेतलं होतं.

रात्री साखर उतरून फिट आली असावी, हे तिथेच स्पष्ट झालं. आणि फिट आलेल्या माणसाचा खांदा एका रात्रीत आखडला असेल, तर फ्रोझन शोल्डर हा पहिला विचार असूच शकत नाही.

कारण हे. खांद्याचा सांधा निखळतो तेव्हा डोकं बहुतेक वेळा पुढच्या बाजूला येतं. मागच्या बाजूला निखळणं विरळा, साधारण शंभरात दोन ते चार. पण फिट किंवा विजेचा धक्का ही त्याची ठरलेली कारणं. झटक्यात खांद्याभोवतीचे सगळे स्नायू एकदम आवळतात. हात आतल्या बाजूला फिरवणारे स्नायू (छातीचा मोठा स्नायू, पाठीवरून येणारा रुंद स्नायू, फऱ्याच्या हाडाच्या आतल्या पृष्ठभागावरचा सबस्कॅप्युलरिस) बाहेर फिरवणाऱ्यांपेक्षा कितीतरी बलवान असतात. ते जिंकतात, हात आत वळतो, आणि डोकं वाटीच्या मागच्या कडेवरून उतरतं. उतरताना डोक्याचा पुढचा भाग त्या कडेवर दाबला जाऊन तिथे खाच पडते. मग ती खाच कडेत अडकते आणि सांधा तसाच कुलूप लागल्यासारखा बसतो. अ‍ॅस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच असा रुग्ण नोंदवून ठेवला होता, आणि त्यालाही फिट येत असत. म्हणजे गोष्ट नवी मुळीच नाही. तरीही असे निम्म्याहून अधिक खांदे पहिल्या तपासणीत सुटतात, आणि सुटलेल्यांवर ‘फ्रोझन शोल्डर’ची चिठ्ठी लागते.

आता ओंजळीचा अर्थ लागला. दंड समोर उचलून तळवा आकाशाकडे करायचा तर नुसतं कोपराखालचा हात वळवून भागत नाही, खांदाही थोडा बाहेर फिरावा लागतो. खांदा आत वळून अडकला असेल तर दंड अंगाशी असताना तळवा वळेल, पण हात समोर नेल्यावर वळणार नाही. मी कोपर तपासलं होतं ते दंड अंगाशी ठेवूनच. माणूस ओंजळ अंगाला चिकटवून धरत नाही.

दुसरी तपासणी

या वेळी शर्ट काढायला दहा मिनिटं लागली तरी काढला. त्यांना पाठ नसलेल्या स्टुलावर बसवून मी मागे उभी राहिले आणि वरून खाली पाहिलं. समोरून बघताना फरक जेमतेम कळत होता. वरून बघताना लपण्यासारखं काही नव्हतं. उजव्या खांद्याचा पुढचा उतार सपाट, कोराकॉइडचं, म्हणजे फऱ्याच्या हाडाच्या पुढे आलेल्या आकड्याचं, टोक उठून दिसणारं, आणि मागच्या बाजूला भरीवपणा. बोटांनी चाचपलं तर पुढे, जिथे गोल डोकं लागायला हवं, तिथे पोकळी. मागे, फऱ्याच्या कण्याखाली, कडक गोलवा.

दोन्ही हात समोर आणून तळवे वर करायला सांगितले. डावा झाला. उजवा उभाच राहिला.

मग नसा तपासल्या. खांदा निखळला की दंडाच्या वरच्या भागात बाहेरच्या बाजूला बधिरपणा आहे का हे पाहायचं असतं, कारण अ‍ॅक्सिलरी नस तिथल्या त्वचेला संवेदना देते आणि खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूलाही तीच चालवते. संवेदना ठीक होती, डेल्टॉइड आवळला जात होता, मनगटाची नाडी दोन्हीकडे सारखी. ही तपासणी पहिल्या दिवशीच व्हायला हवी होती. ती मी केली नव्हती, हे नोंदवहीत रिकाम्या जागेने लिहून ठेवलेलं आहे.

समोरचे पर्याय

तिथे उभ्या उभ्या माझ्यापुढे चार वाटा होत्या.

पहिली, आणखी दोन आठवडे व्यायाम करून पाहायचं. ही लगेच बाद.

दुसरी वाट चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांनी आधीच सुचवून ठेवली होती : फरक पडला नाही तर सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन. फ्रोझन शोल्डरच्या वेदनेच्या काळात त्याचा उपयोग होतो, पण मधुमेहात साखर काही दिवस चढते, आणि निखळलेला सांधा इंजेक्शनने बसत नाही.

तिसरी वाट सगळ्यात धोक्याची, आणि फ्रोझन शोल्डरचं नाव तसंच राहिलं असतं तर काही महिन्यांनी बहुधा तीच आली असती : भूल देऊन सांधा जोर लावून मोकळा करणं. कुलूप लागलेल्या सांध्यावर असा जोर लावला तर दंडाचं हाड मानेपाशी मोडू शकतं. त्या शक्यतेने मला नंतर दोन रात्री झोप लागली नाही.

चौथी, पुन्हा एक्स-रे. पण कोणता? समोरून घेतलेला आणखी एक एक्स-रे पुन्हा तेच सांगणार होता. त्यावरून आठवलं, मी पहिल्या वेळी अहवाल वाचला होता, फिल्म पाहिलीच नव्हती. आता लिफाफ्यातून काढून उजेडासमोर धरली. दंडाच्या हाडाचं डोकं विजेच्या बल्बसारखं गोल दिसत होतं. हाड आत वळलेलं असलं की बाजूचा उंचवटा दिसेनासा होतो आणि डोक्याला असा गोल आकार येतो. निरोगी खांद्यात डोकं आणि वाटी एकमेकांवर येऊन अर्धचंद्रासारखी सावली पडते, तीही इथे नव्हती. दोन्ही खुणा पाठ्यपुस्तकातल्या. पण दुखणाऱ्या हाताने माणूस पंजा पोटावर धरूनच एक्स-रेला उभा राहतो, त्यामुळे निरोगी खांदाही असा गोल दिसू शकतो. म्हणून एका फिल्मवर खात्री होत नाही. खात्री होते ती काखेतून घेतलेल्या एक्स-रेवर. त्यात डोकं वाटीच्या पुढे आहे की मागे, हे लहान मुलालाही कळतं.

केलेली कृती

सगळे व्यायाम थांबवले. हात आहे त्या स्थितीत गळ्यातल्या झोळीत टेकवला. गृहस्थांना सांगितलं की खांदा आखडलेला नसून निखळलेला असण्याची शक्यता मला मोठी वाटते, आणि हे मला आधी लक्षात यायला हवं होतं. त्यांनी विचारलं, “म्हणजे आपण इतके दिवस निखळलेल्या हाताचे व्यायाम करत होतो?” मी हो म्हटलं. त्याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

मग डॉक्टरांना फोन केला. त्यात मी ठरवून निदान शेवटी सांगितलं. आधी फक्त निरीक्षणं : फिट आली होती, सुरुवात एका रात्रीत, बाह्य भ्रमण उणे १०° वर ठक्क अडतं, पुढे पोकळी, मागे गोलवा. पलीकडे थोडा वेळ शांतता. “फिटबद्दल मला कोणी बोललंच नाही,” ते म्हणाले, आणि ते खरं होतं. त्यांनी विचारलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. “आजच पाठवा.”

एक्स-रेच्या चिठ्ठीवर मी ‘खांदा’ एवढंच न लिहिता संशय काय आहे ते लिहिलं : ‘फिटनंतर मागच्या बाजूला निखळल्याचा संशय, काखेतून एक्स-रे आवश्यक’. त्याचा उपयोग झाला. त्यांचा हात बाजूला पुरेसा उचलला जाईना तेव्हा तंत्रज्ञाने ‘जमत नाही’ म्हणून सोडून दिलं नाही. हात झोळीतच ठेवून रुग्णाला टेबलावर मागे झुकवून वरून घ्यायचा एक पर्यायी एक्स-रे असतो, वेल्पो पद्धतीचा, तो घेतला. डोकं वाटीच्या मागच्या कडेवर अडकलेलं स्पष्ट दिसलं. त्याच संध्याकाळी ते अस्थिरोग शल्यविशारदांकडे गेले.

तिथल्या तपासणीत एक गोष्ट झाली, जी करायला मी पूर्ण विसरले होते. शल्यविशारदांनी आधी डावा खांदा तपासला, काखेतून त्याचाही एक्स-रे मागवला. तो ठीक निघाला. याकडे शेवटी येते.

शस्त्रक्रियेचा निर्णय

सीटी स्कॅनमध्ये डोक्यावरची खाच सांध्याच्या पृष्ठभागाच्या साधारण ३० टक्के निघाली. निखळून साडेपाच आठवडे झाले होते. या दोन आकड्यांवर पुढचं सगळं अवलंबून होतं.

खाच २० ते २५ टक्क्यांच्या आत आणि काळ तीन आठवड्यांच्या आत असेल तर भूल देऊन, चीर न देता, हाताने सांधा बसवून पाहता येतो. दोन्ही मर्यादा ओलांडलेल्या होत्या. खाच निम्म्या पृष्ठभागाच्या घरात गेली असती तर कृत्रिम सांध्याचा विचार करावा लागला असता, आणि ४६ व्या वर्षी तो कोणालाच नको होता. काहीच न करणं हाही खरा पर्याय असतो. वय खूप, गरजा कमी, वेदना सोसण्याजोगी असेल तर काही शल्यविशारद तोच सुचवतात. इथे वापराचा हात होता, तोही कामाच्या वयातला.

उरला मधला मार्ग : सांधा उघडून डोकं जागेवर आणायचं आणि खाच भरायची, म्हणजे ती पुन्हा कडेत अडकणार नाही. मॅकलॉफ्लिन या शल्यविशारदांनी १९५२ साली सबस्कॅप्युलरिसचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) सोडवून त्या खाचेत बसवण्याची शस्त्रक्रिया मांडली. पुढे तिच्यात बदल झाला. कंडरा ज्या हाडाच्या उंचवट्यावर चिकटलेला असतो तो उंचवट्यासकटच काढून खाचेत स्क्रूने बसवतात, म्हणजे हाड हाडाशी जुळतं आणि खाच जास्त चांगली भरते. हीच निवडली. किंमत आधीच सांगितली गेली : स्नायूची जागा बदलल्यामुळे हात आत फिरवणं, पाठीमागे नेणं थोडं कायमचं कमी होईल.

दरम्यान मधुमेहतज्ज्ञांनी रात्रीचं इन्सुलिन कमी केलं आणि साखर सतत मोजणारा सेन्सर लावला. कमी केलेल्या डोसवरही पहाटे दोन-तीनच्या सुमाराला दोनदा साखर ७० च्या खाली गेली, मग डोस आणखी कमी झाला. फिटचं दुसरं कारण नाही ना, म्हणून मेंदूचं स्कॅन आणि ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) झाले, दोन्ही निर्दोष. हे काम शस्त्रक्रियेआधी व्हायलाच हवं होतं. बसवलेला खांदा पुढच्या फिटमध्ये परत निखळला असता.

निकाल

शस्त्रक्रिया सहाव्या आठवड्यात झाली. नंतरच्या सहा आठवड्यांत माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची सूचना साधी होती : नेहमीची झोळी नाही. नेहमीच्या झोळीत पंजा पोटावर येतो, म्हणजे हात आत फिरतो, आणि याच स्थितीत हा खांदा निखळतो. त्यामुळे पंजा समोर किंवा किंचित बाहेर राहील असा पट्टा. झोपेतसुद्धा. त्या काळात कोपर, मनगट, बोटं चालू ठेवली, उताणं झोपून मी हात हळूहळू वर नेत होते, पोटाकडे मात्र नाही. सहा आठवड्यांनंतर स्वतःच्या जोराने हालचाल, बारा आठवड्यांनंतर हात बाहेर फिरवणाऱ्या स्नायूंची ताकद.

चौथ्या महिन्यात एक दिवस ते आत आले, काही न बोलता दोन्ही हात पुढे केले आणि ओंजळ करून दाखवली.

वर्षानंतरची स्थिती : हात समोरून वर १५०°, बाह्य भ्रमण ४५°, पाठीमागे अंगठा कमरेपर्यंत जातो, त्याच्या वर नाही. मागच्या खिशातून पाकीट काढणं जमतं, पाठ घासणं जमत नाही. जड वस्तू डोक्याच्या वर ठेवताना दुखतं. दंडाच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा टिकला आहे का, हे पाहण्यासाठी एक्स-रे चालू आहेत. पहिल्या वर्षाचा ठीक आहे. फिट परत आलेली नाही.

मागे वळून पाहताना

नवव्या दिवशी काखेतून एक एक्स-रे झाला असता तर सांधा कदाचित चीर न देता बसला असता. कदाचित, कारण खाच तेव्हा किती मोठी होती ते कोणालाच माहीत नाही. माझ्या व्यायामांनी ती वाढली का, हे मी शल्यविशारदांना थेट विचारलं. “सांगता येणार नाही,” एवढंच उत्तर मिळालं. मी त्यांच्याकडून दिलासा मागत होते आणि त्यांनी तो दिला नाही, हे योग्यच झालं. काठीने हात बाहेर ढकलायला मी सांगितलं होतं, आणि मागे निखळलेलं डोकं आणखी मागे सरकवण्याचा प्रयत्न चार भेटींत केला होता, या दोन्ही गोष्टी नोंदवहीत आहेत.

माझी चूक नेमकी कुठे झाली, यावर बराच विचार केला. माहिती कमी नव्हती. बाह्य भ्रमण अडलेलं आणि अंतर्भ्रमण शाबूत, ही जोडी मी स्वतः मोजली होती. फ्रोझन शोल्डरमध्ये सांध्याचं आवरण चहूबाजूंनी आखडतं. बाह्य भ्रमण सगळ्यात जास्त जातं हे खरं, पण बाजूने उचलणं आणि अंतर्भ्रमण हेही जातातच. एक दिशा पूर्ण बंद आणि तिच्या उलटी दिशा पूर्ण मोकळी, हे चित्र अडथळ्याचं आहे. दुसऱ्या सांध्यात मला ते लगेच कळलं असतं. गुडघा शेवटचे वीस अंश सरळ होत नाही पण वाकतो बऱ्यापैकी, असं दिसलं की फाटून मध्ये अडकलेली गादी मला चटकन सुचते. मार लागलेलं कोपर पूर्ण सरळ झालं नाही तर एक्स-रेशिवाय मी त्याला हात लावत नाही. खांद्याच्या बाबतीत मात्र चिठ्ठीवर नाव आधीच लिहिलेलं होतं.

सुरुवातीबद्दलचा माझा प्रश्नही अपुरा होता. ‘मार लागला का?’ याला झोपेत फिट आलेला माणूस प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. आता मी वेगळं विचारते : आदल्या दिवशी हात पूर्ण वर जात होता का? गेला असेल आणि दुसऱ्या दिवशी जात नसेल, तर फ्रोझन शोल्डर बाजूला ठेवायचा. तो आठवड्या-महिन्यांनी आखडतो, एका रात्रीत नाही. मग पुढचे प्रश्न : रात्री काही झालं का, अंथरूण ओलं होतं का, जीभ चावली होती का, शेजारी कोण झोपतं. शेवटचा प्रश्न सगळ्यात उपयोगी, कारण उत्तर बहुधा रुग्णाकडे नसतंच.

मधुमेहाने मला दोनदा फसवलं, असं मी आधी म्हणायचे. ते खरं नाही. मधुमेह हे कारण होतंच, फक्त मी धरलेल्या वाटेने नाही. आवरण आखडायला कारण म्हणून मी तो मोजला. इन्सुलिन, म्हणून रात्री साखर उतरणं, म्हणून फिट, ही दुसरी वाट त्याच एका शब्दात होती.

आमच्याकडच्या तपासणीच्या कागदात मी एक ओळ वाढवली आहे : ‘वरून पाहिलं का?’ सहकाऱ्यांना ती सुरुवातीला हास्यास्पद वाटली, कारण खुबा आणि गुडघ्याच्या कागदावरही ती चुकून छापली गेली. खुब्यासाठी मी ती खोडून ‘आत फिरवून पाहिला का?’ असं लिहिलं. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या माणसाचं मूळ दुखणं खुब्यात असेल तर ते बहुतेक तिथेच सापडतं.

आणि डावा खांदा. पहिल्या दिवशीही आणि पाचव्या भेटीतही मी उजव्याची तुलना डाव्याशी करत होते, तो निरोगी आहे असं गृहीत धरून. या वेळी तो होता. पण फिटमध्ये दोन्ही बाजूंचे स्नायू एकदम आवळतात, आणि दोन्ही खांदे एकाच वेळी मागे निखळल्याचे रुग्ण सापडतात. तसं असतं तर दोन्ही बाजूंना उणे १०°च आलं असतं, दोन्ही खांद्यांचा उतार सारखाच सपाट दिसला असता, आणि मी नोंदवहीत लिहिलं असतं : ‘दोन्ही बाजू सारख्या’.